सोड्याच्या फळ्यांमागचा दरवाजा

मी एक दरवाजा बोलतोय. नगरहून भिंगारच्या छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रभुदासचं सोडा वॉटरचं दुकान आहे ना, त्या दुकानातला आतला दरवाजा. आता कुणी म्हणेल, दरवाज्याने एवढी ऐट कशाची करायची? माणसं येतात, जातात, पायाने ढकलतात, त्यात काय मोठंसं? खरं आहे. पण साऱ्या जिल्ह्यात असा दुसरा दरवाजा दाखवा, की ज्याच्यासमोर उभं राहून लोकांनी सोडा प्यायला, मिशा पुसल्या, गप्पा छाटल्या आणि आपल्या नाकासमोर दरवाजा आहे याचा कुणाला पत्ताही लागला नाही. मी तसा होतो. आणि मला त्याचा अभिमान आहे, उगाच लाजत नाही मी.

जन्माने मात्र मी दरवाजा नव्हे. अस्सल सागाचं लाकूड मी. छावणीतल्या सुतारांनी माझं कपाट केलं, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेससाठी. मधोमध बिलोरी आरसा, दोन्ही अंगांना फळ्या, आणि फळ्यांवर देशोदेशींच्या बाटल्या. लढाईची वर्षं होती ती. आज आलेला साहेब उद्या कुठल्या आघाडीवर जाईल याचा नेम नसायचा. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्यासमोर येई, आरशात स्वतःकडे बघे आणि म्हणे, अबदार, एक करून दे.

हा अबदार म्हणजेच प्रभुदास. मेसमधल्या पेयांचा सगळा कारभार ज्याच्या हाती असतो तो अबदार. पांढरा शुभ्र कोट, कमरेला पट्टा आणि हातात चांदीचा मुलामा दिलेला डबा. त्यात जिन, लिंबू, साखरेचा पाक, बर्फ घालून तो असा हलवायचा की बघत राहावं. बर्फाचा आवाज बदलला की थांबायचा. पेल्यात ओतलं की पेला बाहेरून घामेजायचा. नुसत्या लिंबाच्या सालीच्या एका पिळ्याने तो पेयाचा वास बदलून टाकी. मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगतो.

गंमत अशी की प्रभुदासने स्वतः थेंबही कधी चाखला नाही. तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती, चर्चच्या मंडळीत लहानपणीच दारू न पिण्याची शपथ घेतलेला. पण शपथ पिण्याची घेतली होती, ओतण्याची नाही, असं तो म्हणे. मंडळीतले वडीलधारेही मेसच्या नोकरीकडे कानाडोळा करत. चाकरी आहे, धंदा नाही, म्हणत.

सत्तेचाळीस साली साहेब लोक गेले. मेसच्या सामानाचा लिलाव झाला. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी चिनी मातीच्या बशा. प्रभुदासने मला घेतलं आणि बैलगाडीत घालून घरी आणलं. त्याच्या बायकोने, दयाने, कपाळाला हात लावला. ती मिशनच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. शाळेच्याच आवारात त्यांना राहायला दोन खोल्या मिळालेल्या. एवढं धूड ठेवायचं कुठे? मग प्रभुदासने सोड्याचं दुकान काढलं आणि दुकानामागच्या खोलीत, बाटल्या बांधायला लागणाऱ्या भुश्याच्या पोत्यांमध्ये, मला उभं केलं. अंगावर गोणपाट टाकलं. दोन वर्षं मी अंधारात होतो. उंदीर माझ्या फळ्यांवर पळायचे. ज्या आरशात कर्नल बघायचे, त्यात पालीने घर केलं. ते दिवस मला आठवायलाही नको वाटतात.

मग एकोणपन्नासच्या पावसाळ्याच्या तोंडावर सरकारची पुरी दारूबंदी आली. गुत्ते बंद झाले, दुकानांना टाळं लागलं. आणि प्रभुदासच्या दुकानात माणसं घुटमळू लागली. छावणीत पूर्वी येणंजाणं असलेला एक वकील, एक डॉक्टर, देवळाली प्रवरेचा राधाकृष्ण म्हणून ऊसवाला बागाईतदार. सोडा पिता पिता म्हणत, अबदार, तुमच्या हाताला गंज चढत असेल नाही? हे वाक्य प्रभुदासला बरोबर लागायचं. लोभी माणूस नव्हता तो. पण येणारी विद्या हातात मरू देणं कुणाला बरं वाटतं? मला विचाराल तर मलाही गोणपाटाखाली तसंच वाटत होतं.

त्याने कारभारी सुताराला बोलावलं. कारभारी बैलगाड्या करायचा. त्याची चाकं पार कर्जतपर्यंत जायची. त्याची बायको कडूबाई दुकानात बाटल्या धुवायची, त्यामुळे माणूस घरचाच. कारभारीने मला चहूबाजूंनी पाहिलं, बोटांनी वाजवलं आणि विडी पेटवून भुश्याच्या खोलीच्या तोंडाशी बसून राहिला. विडी संपल्यावर म्हणाला, करतो.

त्याने मला खोलीच्या तोंडावर असं बसवलं की आरसा आतल्या बाजूला आणि पाठ दुकानाकडे. पाठीवर वरपासून खालपर्यंत नव्या फळ्या ठोकल्या आणि त्यांवर गोटी सोड्याच्या बाटल्या मांडल्या. बिजागरी लावली नाही, बिजागरी दिसते. खाली दगडात खळगा, वर तुळईत भोक, दोन्हींत लाकडी खुंट, आणि खुंटाला एरंडेल. एवढ्या बाटल्या अंगावर घेऊन मी फिरायचो, पण कुरकुरलो नाही. बाटल्यांनी किणकिणू नये म्हणून त्याने प्रत्येक फळीवर गोणपाटाची घडी घातली. कोपऱ्यातली हिरवी बाटली पुढे ओढली की आतला अडसर सुटायचा. बस्स. दुकानातून बघणाऱ्याला मी म्हणजे भिंतीला टेकलेल्या सोड्याच्या फळ्या. आतून बघणाऱ्याला मेसचं कपाट, पुसून लखलखीत केलेलं.

आतली खोली दुपारची चालायची, रात्री कधीच नाही. प्रभुदास म्हणे, रात्री झडती घ्यायला सगळे टपलेले असतात, दुपारी सारा बाजार पेंगत असतो. गिऱ्हाईक यायचं, गल्ल्याशी उभं राहायचं आणि म्हणायचं, वरच्या फळीवरचा द्या. मग प्रभुदास एकदा रस्त्याकडे बघून हिरवी बाटली ओढायचा.

आणि आत काय रुबाब! पितळी दांडा, बाक, बर्फाची पेटी. प्रभुदास पुन्हा पांढरा कोट चढवायचा. जिनमध्ये श्रीगोंद्याकडची लिंबं, रममध्ये देवळालीच्या उसाचा रस आणि आलं. माणशी दोन पेले, तिसरा मागितला तर साधा सोडा. माल कुठून यायचा ते मी सांगणार नाही. दरवाज्याने असल्या गोष्टी सांगायच्या नसतात.

त्या चार महिन्यांत मी माणसं फार जवळून पाहिली. जो वकील पूर्वी उघड्यावर बसून तोंड वाकडं करत प्यायचा, तोच आता मोहिमेवर निघाल्यासारखा यायचा. आत आला की आपोआप कुजबुजायचा, भिंतीला कान असल्यासारखा. बागाईतदार आणि डॉक्टर एका बाकावर मांडीला मांडी लावून बसायचे, कारण दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती आणि बाहेरच्या जगाला ती ठाऊक नव्हती. प्रत्येक जण आपल्या एकेका मित्राला आणायचा आणि बजावायचा, कुणाला बोलू नको बरं का. लोक म्हणत, प्रभुदासच्या हाताला चव आहे. ती होतीच. पण त्यातली अर्धी चव माझी होती, हे मी छातीठोकपणे सांगतो. मी नसतो, तर ते नुसतं लिंबाचं पाणी आणि जिन.

झडती दोनदा झाली. गहिनीनाथ जमादार म्हणून पाथर्डीकडचा माणूस होता, धिप्पाड, नाकाने चौकस. त्याने काठीने भिंती ठोकल्या, जमीन ठोकली. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तेव्हा कडूबाई हात पुसत म्हणाली, जमादार, भरल्या बाटलीला काठी लागली तर गोटी डोळ्यात जाईल. तो दोन पावलं मागे सरला. मी हसू शकत असतो तर त्या दिवशी हसलो असतो. पुढे तो पोटात गॅस होतो म्हणून रोज सोडा प्यायला यायला लागला. प्यायचाही माझ्याचसमोर उभा राहून.

दोन माणसांपुढे मात्र माझी ऐट थोडी उतरायची.

एक दया. शाळा सुटली की ती डबा घेऊन यायची, गल्ल्यापाशी टेकायची, पोरींच्या खोड्या सांगायची. तिला माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. मंडळीतल्या कुणी दारूचा धंदा केल्याचं कळलं, तर रविवारी सगळ्यांदेखत मंडळीच्या यादीतून त्याचं नाव काढलं जायचं. नवऱ्याचं नाव कटलं की बायकोची शाळेतली नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर त्या दोन खोल्या. प्रभुदास तुरुंगात, दया रस्त्यावर. हे सगळं माझ्या एका अडसरावर टेकलेलं होतं. ती बोलत असताना प्रभुदास माझ्याकडे बघायचं टाळायचा.

दुसरी कडूबाई. तिचं दुःख वेगळं होतं. गावभर कारभारीच्या गाड्यांचं कौतुक व्हायचं, पण त्याचं सगळ्यांत अवघड काम मी, आणि मला दाखवायची सोय नाही. बाटल्या धुताना ती मला सांगायची, "येवढं गुनी दार केलं माझ्या मालकानं, आन् दार म्हनून नाव बी घ्यायची चोरी." मला बरं वाटायचं. मला दार म्हणणारी तीच एकटी.

मग दसरा आला.

सणाला आतली खोली बंद. कडूबाई सकाळीच झेंडूची टोपली घेऊन आली. सोड्याच्या यंत्राला हळदकुंकू लावलं, चाकाला हार घातला. मग तोरणं काढली, झेंडू आणि आंब्याची पानं ओवलेली. एक दर्शनी दाराला, एक मागच्या दाराला. आणि मग, मी पाहत होतो, ती स्टुलावर चढली आणि सवयीने, काही मनात न आणता, तिसरं तोरण माझ्या वरच्या कडेला बांधलं. पानं सारखी केली. खाली उतरून दोन पावलं मागे गेली, नीट दिसतंय ना ते पाहिलं आणि बाटल्या धुवायला बसली.

काय सांगू मला काय वाटलं! जन्मात पहिल्यांदा माझ्या कपाळी तोरण लागलं होतं. मेसमध्ये मला पॉलिश केलं, घासूनपुसून ठेवलं, पण तोरण कुणी बांधलं नव्हतं. त्यातला धोका मला कळला का? कळला. पण खरं सांगतो, तेव्हा मला त्याची पर्वा नव्हती.

प्रभुदासनेही ते पाहिलं आणि तो हसून म्हणाला, बाटल्यांचीही पूजा का? त्याला वाटलं, यंत्राला फुलं तशी फळ्यांनाही फुलं. त्याच्या घरात आजोबांपासून तोरण लागलेलं नाही. हार कशाला घालतात आणि तोरण कशाला बांधतात, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुपारी गहिनीनाथ जमादार आला. चौकीतली शस्त्रपूजा उरकून, कपाळाला टिळा, हातात आपट्याची पानं. त्याने प्रभुदासला सोनं दिलं, प्रभुदासने त्याला दिलं, दोघांनी उराभेट घेतली. मग नेहमीप्रमाणे सोडा मागितला. प्रभुदासने फट् करून गोटी दाबली. आता गोटी सोडा प्यायचा म्हणजे मान मागे टाकावी लागते. जमादाराने मान मागे टाकली आणि त्याचे डोळे माझ्या कपाळावर आले.

बाटली तोंडाशीच थांबली. आतली गोटी खडखडली. त्याने दर्शनी दाराकडे पाहिलं, मागच्या दाराकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. अर्धा सोडा गल्ल्यावर ठेवला.

"हे कुनी बांधलं?"

कडूबाईने वर पाहिलं आणि तिच्या हातातली बाटली हौदात पडली. प्रभुदास म्हणाला, सणाची फुलं आहेत जमादार, यंत्रालाही घातलीत.

"यंत्राला हार घातलाय," जमादार म्हणाला. "फळ्यांला हार घालत्यात, प्रभुदास. तोरन दाराला लागतं."

मला वाटलं, आता तो पुढे येणार आणि एकेक बाटली ओढून बघणार. तो आला नाही. हातातली आपट्याची पानं त्याने बराच वेळ पाहिली. "तुझ्या हातचं सोनं घेतलंय म्या आत्ता," तो म्हणाला. "आजच्या दिवशी तुला बेडी घालीत न्हाई. उद्या सकाळी पंच घिऊन येतो." आणि टोपी सारखी करून गेला.

कडूबाई रडायला लागली. ती एवढंच म्हणत होती की दार दिसलं आन् हात गेला. कारभारीला बोलावणं गेलं. प्रभुदास म्हणाला, हे कपाट काढा, विटा लावा, आत्ताच्या आत्ता चुना फासा. कारभारीने मान हलवली. ओल्या चुन्याची भिंत म्हणजे चोरी लपवल्याची उघड कबुलीच, असं काहीसं तो म्हणाला. आणि तेवढ्यात दया डबा घेऊन आली. शाळेला सुट्टी होती म्हणून आज लवकर.

तिने सगळ्यांची तोंडं पाहिली. काय झालं विचारलं. प्रभुदास माझ्याजवळ आला आणि रस्त्याकडे न बघता त्याने हिरवी बाटली ओढली. मागे न बघता मला उघडण्याची त्याची ती पहिलीच वेळ.

दया आत गेली. तिने आरसा पाहिला, बाटल्या पाहिल्या, खुंटीवरचा पांढरा कोट पाहिला. आरशात ती स्वतःलाच दिसत होती, तिथून तिने नजर काढून घेतली. "तुम्ही प्यालात?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर दर रविवारी तुलाही गप्प बसावं लागलं असतं."

तिचे डोळे भरले होते, रागाने की दुःखाने मला कळलं नाही. मग तिने पदर खोचला, एक बाटली उचलली आणि बाटल्या धुवायच्या मोरीत ओतायला सुरुवात केली. एकामागून एक. प्रभुदास नुसता बघत होता. शेवटी त्यानेही एक उचलली. कडूबाईने वरून धुण्याचा सोडा टाकला, लिंबाच्या साली चोळल्या, बादल्यांवर बादल्या पाणी सोडलं. छावणीतली इतकी वर्षं, इतक्या गोऱ्या साहेबांच्या आवडीनिवडी नाल्यातून भिंगारच्या दिशेने वाहत गेल्या. मला वाईट वाटलं, नाही म्हणत नाही.

कारभारीने विचारलं, आता दाराचं काय? प्रभुदास पुन्हा भिंतीचं बोलला. दया म्हणाली, "भिंत नको. भिंत घातली तर पुन्हा लपवणंच झालं. फळ्या काढा आणि दार उघडं ठेवा. खोली असणं हा काही गुन्हा नाही."

कारभारीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. एरवी मोजकं बोलणारा माणूस, पण पटाशी घेऊन असा पुढे आला की जणू याच कामाची वाट बघत होता. त्याने माझ्या पाठीवरच्या फळ्या काढल्या, खिळ्यांची भोकं बुजवली, रंधा मारला, तेल चोळलं. आतला अडसर काढून टाकला. मग स्वतःच्या कोटाच्या खिशातून एक पितळी कडी काढली. ती त्याने कधीपासून जपून ठेवली होती, देव जाणे. ती मला बसवली. दरवाजा होऊन मला चार महिने झाले होते, पण कडी त्या दिवशी लागली.

सगळं झाल्यावर प्रभुदासने तोरण काढायला हात वर केला. दयाने त्याला थांबवलं. म्हणाली, राहू द्या, कडूबाईंनी दाराला बांधलंय ते. दयाच्या तोंडून हे ऐकून कडूबाईने पुन्हा पदर डोळ्यांना लावला.

सकाळी जमादार दोन पंच घेऊन आला. मी सताड उघडा होतो. आत बाक मांडलेले, आरसा पुसलेला, पितळी दांडा लखलखत होता आणि माझ्या आतल्या फळ्यांवर लिंबं, आलं, सब्जा, गुलाबाचा पाक. जमादार आत आला. हवा हुंगली. मोरीत वाकून पाहिलं. आरशासमोर उभा राहिला आणि न राहवून मिशी सारखी केली. आरशापुढे आलेला माणूस तेवढं करतोच, मेसमधले कर्नलही करायचे. मग माझ्याकडे वळून त्याने कडी वाजवून पाहिली.

"हे दार काल न्हवतं," तो म्हणाला.

पंच प्रभुदासकडे बघू लागले. दया पुढे व्हायच्या बेतात होती. पण बोलली कडूबाई. हात कमरेवर, आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा.

"हुतं की जमादार. तुमी रोज त्याच्याम्होरंच सोडा पेत हुता. माझ्या मालकानं केलंय त्ये, कारभारी सुतारानं. सापडलं न्हाई तर त्यो गुन त्याच्या हाताचा हाय."

मी सागाचा आहे, मला काटा येत नाही. पण त्या वेळी आला असता.

जमादाराने कडी सोडली. मग बाकावर बसला. पंचांना म्हणाला, बसा, इथं काही नाही. आणि प्रभुदासला म्हणाला, कालचा अर्धा सोडा राहिलाय माझा. प्रभुदासने नवी बाटली फोडली.

पुढच्या रविवारी प्रभुदास मंडळीपुढे स्वतः उठून उभा राहिला आणि सगळं सांगितलं. दया त्याच्या शेजारी उभी होती. त्याला नाताळापर्यंत प्रभुभोजनापासून, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाच्या विधीपासून, दूर ठेवलं, पण यादीतून नाव काढलं नाही. दयाची शाळा राहिली, दोन खोल्या राहिल्या. नाताळच्या दिवशी तो पांढरा कोट घालून मंडळीच्या देवळात प्रभुभोजनाला गेला, असं मला कडूबाईकडून कळलं.

आता आतल्या खोलीत उजळ माथ्याने सरबतं मिळतात. प्रभुदास तोच डबा तसाच हलवतो, बर्फाचा आवाज बदलला की थांबतो. आलं, लिंबू, उसाचा रस, आणि सालीचा तोच पिळा. चव पूर्वीसारखीच आहे, पण गर्दी निम्मी झाली. वकील येत नाही. राधाकृष्ण बागाईतदार अजून येतो आणि मला ढकलण्याआधी सवयीने एकदा रस्त्याकडे बघतो. मला हसू येतं. पण गेलेल्यांच्या जागी हल्ली बायका येतात, पोरं येतात, दयाच्या शाळेतल्या पोरी निकालाच्या दिवशी येऊन बाकांवर दाटीवाटीने बसतात. त्या मला धाडकन आपटतात. खुंटाला एरंडेल आहे म्हणून, नाहीतर काही खरं नव्हतं.

कधी तरी या. आत बसा, सरबत घ्या, आरशात मिशी किंवा कुंकू सारखं करा. जाताना कडी धरून मला हलक्या हाताने ओढा, एवढीच विनंती. आणि कुणी विचारलं, हे दार कुणी केलं, तर कारभारी सुताराचं नाव मोठ्याने घ्या. दसऱ्याला आलात, तर सोडा पिता पिता जरा वर बघा.